धरवही

४ जानेवारी, सोमवार

नोकरी लागली. म्हणजे मामानं लावली. सुधारगृहाचे साहेब मामाचे शाळेतले दोस्त. 'अक्षर चांगलंय पोराचं, डोकं तेवढं गरम आहे' — माझ्यासमोर सांगतो! साहेब म्हणाले, 'इथं गरम डोकी चाळीस आहेत. एक्केचाळिसावं खपून जाईल.' आणि दोघं खो-खो हसले.

कॉलेजमधून काढलं नाही, मी सोडलं. प्राध्यापकाच्या टेबलाची काच फुटली त्याच्या आधीच माझं ठरलं होतं. जवळजवळ ठरलं होतं.

काम क्लार्कचं. टेबल, लोखंडी कपाट, पाय हलणारी खुर्ची. घरी आईनं असा सुस्कारा टाकला की शेजाऱ्यांनाही कळलं असेल.

५ जानेवारी, मंगळवार

माझ्या खिडकीसमोर अंगण. अंगणापलीकडे दवाखान्याची खोली. तिथं दोन ते सहा सिस्टर येते. महिन्याभरापूर्वीच लागलीय. दोनला पाच कमी असताना फाटकातून आत आली, छत्री भिंतीला टेकवली, केस परत बांधले.

सगळे तिला 'सिस्टर' म्हणतात. मी म्हणणार नाही. मेलो तरी नाही!

८ जानेवारी, शुक्रवार

वरून नवे नियम आले. अकरा पानं. मथळा — 'शारीरिक प्रतिबंधाबाबत'. साहेबांनी सगळ्या गार्डांना उभं करून वाचून दाखवले. हेड गार्डला सगळे वस्ताद म्हणतात. एके काळी कुस्त्या मारायचा, मान अजून खांद्यातच आहे. तो मागून म्हणाला, 'साहेब, प्रतिबंध म्हणजे काय?'

'म्हणजे पोरगा आवरेनासा झाला तर त्याला धरणं.'

'मग धरणं म्हणा की! उगीच घाबरवलंत.'

मग मला पुठ्ठा दिला. त्यातले मुख्य नियम मोठ्या अक्षरात लिहून जेवणाच्या खोलीत लावायचे. दुपारभर तेच. शिक्षा म्हणून धरायचं नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तरच. एकट्यानं धरायचं नाही. पालथं पाडायचं नाही, पाठीवर भार द्यायचा नाही. दहा मिनिटांच्या वर गेलं तर त्याच दिवशी बाल न्याय मंडळाला कळवायचं. सोडल्यावर अर्ध्या तासात सिस्टरनं तपासायचं आणि सही करायची. आणि प्रत्येक वेळची नोंद — कारण काय, कुणी धरलं, किती मिनिटं.

ती वही माझ्याकडे! वस्तादनं तिचं नावही ठेवलं — धरवही. म्हणजे सहीसाठी वही घेऊन अंगण ओलांडून मीच जायचं. तिच्याकडे!

(आता वाचून पाहिलं. कुणाला तरी धरतील तेव्हाच मला जाता येणार, असा त्याचा अर्थ होतो. असो.)

१२ जानेवारी, मंगळवार

पुठ्ठ्यासमोर एक पोरगा अर्धा तास उभा. सोळाचा असेल, कान मोठे. मला म्हणाला, 'दादा, "इजा"मध्ये शिवी येते का?'

'नाही येत.'

'म्हणजे शिवी दिली म्हणून धरता येणार नाही?'

'नाही.'

'भारी!'

संध्याकाळपर्यंत त्याला सगळे नियम तोंडपाठ. पोरांनी त्याचं नाव 'वकील' ठेवलं. वस्ताद म्हणाला, 'लेका, तू पुठ्ठा लावलास आणि घरात कोर्ट आणलंस.'

वकिलाची फाइल बघितली. सव्वीस फेब्रुवारीला मंडळापुढे त्याची सुनावणी आहे. मोठी बहीण लाँड्रीत इस्त्री करते, तिनं त्याच्यासाठी म्हणून वेगळी खोली घेतलीय. वागणुकीची नोंद स्वच्छ असेल तर सोडतील. नसेल तर अठरा पूर्ण होईपर्यंत इथंच — आणखी दोन वर्षं.

१५ जानेवारी, शुक्रवार

आज पहिल्यांदा बघितलं. बघितलं नाही, ऐकलं.

मधल्या सुट्टीत दोन पोरांची जुंपली. एकाला वस्ताद आणि दुसऱ्या गार्डनं मागच्या बोळात नेलं. बोळाला जाळीचं दार, दार बंद. मी टेबलाशी. आणि मग सगळी पोरं मोजायला लागली! चाळीस गळे, एका सुरात. एक, दोन, तीन... शंभर झाले की सगळ्यांची एक टाळी. परत एकपासून. मी घड्याळ लावून बघितलं — शंभराला बरोबर शंभर सेकंद लागतात, एखाददुसरं इकडे-तिकडे. कधीपासून मोजत असतील ही!

शिपाई म्हणाला, 'जुनी रीत आहे. आतल्याला कळावं, बाहेर कुणीतरी आहे म्हणून.'

सहा टाळ्या म्हणजे दहा मिनिटं. सहावी झाली. पुढे पोरांचा आवाज वाढला. सातवी. आठवी. माझ्या हातातलं पेन तसंच. नवव्या टाळीनंतर दार उघडल्याचा आवाज आला.

वस्ताद घाम पुसत आला. 'लिही. कारण — मारामारी. वेळ — नऊ मिनिटं.'

मी म्हणालो, 'टाळ्या नऊ झाल्या.'

'मग मी काय म्हणतोय? नऊच!' आणि माझ्या पाठीवर थाप. असा हसला की मीही हसलो.

लिहिलं. वही घेऊन अंगण ओलांडलं. तिनं पोराचं मनगट तपासलं, सही केली. 'अक्षर छान आहे तुमचं' म्हणाली. मी 'हो' म्हणालो. हो! गाढव. आभार मानायचे सोडून 'हो'!

२१ जानेवारी, गुरुवार

या आठवड्यात तीनदा. नऊ, नऊ, नऊ.

ती सही करता करता थांबली. 'अहो, इथं सगळी मुलं नवव्या मिनिटालाच कशी काय शांत होतात?'

माझे कान तापले. 'योगायोग,' म्हणालो.

'हं.'

तो 'हं' दिवसभर डोक्यात घणासारखा.

२२ जानेवारी, शुक्रवार

वस्तादला सांगितलं, सगळीकडे नऊ लिहिणं बरं दिसत नाही. तो म्हणाला, 'शिकलेला माणूस तू. दिसेल बरं असं लिही की. मी काय सातवी नापास.'

आज आठ लिहिलं. (टाळ्या सात.)

२९ जानेवारी, शुक्रवार

आठ. साडेसात. सहा. एकदा 'पाच मिनिटे, समजावल्यावर स्वतःहून शांत'. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की दोनदा वाचलं.

आणि आज काय झालं! ती स्वतः ऑफिसात आली. पहिल्यांदाच! हातात आलेखाचा कागद. माझ्या वहीतून तिनं मिनिटं उतरवून घेतली होती, निळ्या पेन्सिलीनं रेघ काढली होती. रेघ खाली खाली येते आहे. 'बघा ना,' म्हणाली, 'नवे नियम आल्यापासून वेळ अर्ध्यावर आलाय. मंडळाला दाखवणारेय मी. मला वाटायचं, इथं काही बदलणार नाही. महिन्याभरात सोडून जाणार होते. आता नाही जात.'

नाही जात!

माझ्या टेबलावर कोपर टेकून उभी होती. चेहरा असा उजळलेला. सांगून टाकावं असं वाटलं. खरंच वाटलं. पण सांगितलं असतं तर ती गेली असती.

घरी येताना तीन गल्ल्या उगीच फिरलो.

३ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी मोजण्यावर बंदी घातली. टाळीवरही. 'हे काय, शाळेचा तास आहे का?' जो मोजेल त्याचं मैदान आठवडाभर बंद.

दुपारी एकाला बोळात नेलं. सगळी इमारत चिडीचूप. पहिल्यांदाच इतकी शांतता ऐकली इथं. मला हायसं वाटलं — आणि मग सगळ्या खोल्यांमधून एकदम, एकाच वेळी — खोकला.

एकदाच. परत शांतता.

मी घड्याळ बघितलं. बरोबर. पोरं मनात मोजत होती. शंभराला एक खोकला.

वस्ताद नंतर शिव्या देत होता. 'आता खोकल्यावर बंदी घालता येते का, विचार तुझ्या पुठ्ठ्याला!'

५ फेब्रुवारी, शुक्रवार

तिनं मला दवाखान्यात बोलावलं. केस नीट करून गेलो. तर म्हणते, 'अहो, मुलांना सगळ्यांना एकदम खोकला कसा काय लागलाय? काल ऐकलं मी. साथ असेल.'

मी म्हणालो, 'हवा बदललीय.'

संध्याकाळी जेवणाआधी चाळीस पोरं रांगेत. ती एकेकाला चमचाभर औषध पाजतेय. पोरं गुपचूप गिळतायत, एकमेकांकडे बघत नाहीत. वकिलाची पाळी आली. त्यानं चमचा तोंडात धरला आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिला. गिळेपर्यंत.

हसायला यायला हवं होतं. नाही आलं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी. दहा खोकले. आतून पोराचा आवाज पाचव्यापर्यंत येत होता, पुढे नाही.

लिहिलं — सात मिनिटे.

वकील ऑफिसच्या दारात आला. झाडू हातात, म्हणजे कामावर असल्यासारखा. 'दादा, तुमचं अक्षर लई भारी. पुठ्ठ्यावर खरं लिहिता आणि वहीत खोटं. दोन्ही सारखंच सुबक.'

मी पेपरवेट उचललं. खरंच उचललं! तो गेला तेव्हा ते हातातच होतं.

कुणी मला खोटारडा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पांढरं होतं. त्या प्राध्यापकानंही तेच म्हटलं होतं.

११ फेब्रुवारी, गुरुवार

लिहवत नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहितो. कुठंतरी खरं लिहायलाच हवं.

काल अडीचच्या सुमाराला ती बोळाजवळून औषधांचा ट्रे घेऊन चालली होती. मी तिच्याबरोबर. उगीच, काहीतरी बोलायला. वकील तिथं फरशी पुसत होता. उठून म्हणाला, 'सिस्टर, औषध वाया घालवू नका. तो खोकला नाही. ते घड्याळ आहे. शंभराला एक. सहा झाले की दहा मिनिटं. परवा दहा झाले. वहीत किती आहेत ते यांना विचारा.'

ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावरून माणूस निघून जाताना मी कधी बघितलं नव्हतं. ट्रे तिथंच खिडकीत ठेवला आणि ऑफिसकडे चालायला लागली. वहीकडे.

वकील म्हणाला, 'सॉरी दादा. माझी ताई येणारेय सव्वीसला. मला धरलं तर तुम्ही काय लिहाल, त्याचा भरोसा नाही.'

एवढंच म्हणाला. शिवी नाही, हात नाही, काही नाही.

मी त्याची कॉलर धरली आणि बोळात ढकललं. वस्ताद कुठून आला माहीत नाही. त्यानं जाळीच्या दाराला आतून कडी घातली आणि पाठ टेकून उभा राहिला. 'चालू दे राजा,' म्हणाला. 'शीक.'

पालथा पाडला. हात मागे. गुडघा पाठीवर. तो खालून ओरडत होता — 'एकट्यानं धरायचं नाही! पालथं पाडायचं नाही! पाठीवर भार —' माझेच शब्द. मी ज्या क्रमानं लिहिले त्याच क्रमानं. प्रत्येक नियमाला मी हात आणखी वर ओढत होतो.

खोकला. एक. दोन.

चौथ्याच्या आसपास त्याच्या खांद्यातून आवाज आला. ओली काटकी मोडल्यासारखा. पाचव्यानंतर तो बोलायचा थांबला.

सहावा झाला तेव्हा मला माहीत होतं तो सहावा आहे. हे लिहून ठेवतो. मला माहीत होतं.

सातव्याला कुणीतरी जाळी बडवायला लागलं. ती. 'उघडा! अहो, उघडा!' वस्ताद हलला नाही. मी मान वर केली असती तर ती दिसली असती. नाही केली. आठ. नऊ. दहा. ती बडवतच होती. तिच्या बांगडीचा आवाज जाळीवर. अकरा.

अकराव्यानंतर कडी निघाली. माझ्या बोटांतून ताकद गेली म्हणून मी सोडलं, दुसऱ्या कशानं नाही. ती गुडघ्यावर बसली, त्याचा चेहरा वळवला, नाकाशी हात धरला. मला फक्त म्हणाली, 'हात काढा त्याच्यावरून.' एक हात अजून होता.

श्वास होता. आहे. हॉस्पिटलात नेलंय.

संध्याकाळी वस्तादनं स्वतः लिहिलं, त्याच्या त्या किरट्या अक्षरात. कारण — कर्मचाऱ्यावर हल्ला. धरणारे — आम्ही दोघं. वेळ — नऊ मिनिटे. 'सही कर नुसती. मग वही सुनावणीपर्यंत साहेबांच्या कपाटात.'

केली.

१५ फेब्रुवारी, सोमवार

वकील परत आला. हात गळ्यात बांधलेला. माझ्या खिडकीखालून गेला, वर बघितलं नाही.

पोरं मला बघून खोकतात. एकेकटी. मी जिन्यावर असलो तर जिन्यावर, नळाशी असलो तर नळाशी.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

ती दोनला येते, सहाला जाते. ऑफिसकडे बघत नाही.

मामाचा निरोप — साहेब माझ्यावर खूश आहेत. 'म्हणाले, पोरगा तयार झाला.' आई ऐकून रडलीच आनंदानं. मी ताटावरून उठलो.

२० फेब्रुवारी, शनिवार

फाटकाशी एक बाई उभी. हातावर इस्त्रीनं भाजल्याचे डाग. वकिलाची बहीण. गार्ड आत सोडेना. मला क्लार्क समजून — क्लार्कच आहे मी — म्हणाली, 'भाऊ, त्यानं हल्ला केला म्हणतात. कुणावर केला हो? त्याला साधी चिमणी हाकलता येत नाही. त्या माणसाला भेटता येईल का? पाया पडेन मी त्याच्या.'

मी म्हणालो, 'तो आज नाही आलेला.'

२२ फेब्रुवारी, सोमवार

आज ती बोलली. नळाजवळ. 'तुमचं वय काय हो?'

'एकवीस.'

'म्हणजे खटला झाला तर मोठ्यांच्या तुरुंगात टाकतील.' बराच वेळ नळाखाली हात धरून उभी होती. 'आईला माहीत आहे?'

'नाही.'

'त्या दिवशी मी बाहेरून मोजत होते,' म्हणाली. आणि नळ बंद करून गेली.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. उद्या मंडळापुढे उभं राहून सांगणार. एकोणीस मिनिटं. त्यानं हात उचलला नाही. मी एकट्यानं धरलं. आधीच्या सगळ्या नोंदीही माझ्याच डोक्यातल्या. जे व्हायचं ते होऊ दे. तिनं बाहेरून सगळं मोजलंय, तपासणीत तिनं खांद्याचं लिहिलेलंच असणार. मी सांगितलं की तिचं आणि माझं जुळेल. निदान वहीत तरी.

शर्टाला इस्त्री केली. झोप येईल असं वाटतंय. किती दिवसांनी.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

लांब टेबल, पलीकडे तीन माणसं. वकील बाकावर, शेजारी बहीण, तिच्या मांडीवर पिशवी — त्याचे घरी जायचे कपडे. आणि ती — अंगणापलीकडची — खिडकीजवळच्या खुर्चीत. मला उभं केलं. मधल्या बाईंनी धरवही माझ्यापुढे सरकवली. 'तुमची सही?'

'हो.' आणि सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालचा रकाना दिसला. अकरा तारखेची तपासणी. 'नऊ मिनिटांनंतर तपासले. नवीन इजा नाही. खांद्याचे दुखणे जुने.' खाली तिची सही. ठसठशीत. तारखेसकट.

वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. नाही म्हणावं तशी मान हलवली. अगदी थोडी.

मी खरं बोललो असतो तर ती खोटी ठरली असती.

'बोला. या मुलानं तुमच्यावर हल्ला केला?'

'हो,' म्हणालो.

बहिणीनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. वकील माझ्याकडे बघत नव्हता. तो खिडकीकडे, तिच्याकडे बघत होता.

बाहेर आलो तर ती छत्री टेकवून पायरीवर थांबलेली. म्हणाली, 'जेवलास का तू?'